‘कडक’ला इंग्रजीत काय म्हणायचं? प्रवेश परीक्षेसाठी विशेषणांची तयारी

इंदूरच्या भंवरकुआच्या बाजूला कोचिंगच्या बोर्डांखाली झेरॉक्सची दुकानं आहेत. तिथे इंग्रजी शब्दांच्या याद्या मिळतात. डावीकडे विशेषण, उजवीकडे त्याचा हिंदी अर्थ, पानामागून पान. बारावीची मुलं त्या मनापासून पाठ करतात, घरी आईला म्हणूनही दाखवतात आणि पेपरात त्याच शब्दांवर अडतात. मुलं अभ्यास कमी करतात असं मुळीच नाही. विशेषणाचा अर्थ कळला म्हणजे ते विशेषण आलं, ही समजूत चुकीची आहे. ते कुठल्या नामाशी जमतं, त्याच्यामागून कुठलं प्रिपोझिशन येतं आणि वाक्यात ते कुठे बसतं, यातलं काहीच त्या यादीत नसतं. परीक्षेत विचारतात ते नेमकं हेच.

‘कडक’ घ्या. आपल्या घरात दिवसातून दहा वेळा येणारा शब्द. कडक चहा म्हणजे स्ट्राँग टी. हार्ड टी कुणी म्हणत नाही. कडक शिक्षक स्ट्रिक्ट. मे महिन्यातलं कडक ऊन स्कॉर्चिंग. कडाक्याची थंडी बिटर किंवा सिव्हिअर. कडक इस्त्रीचा शर्ट क्रिस्प, पण खळ घातलेली कडक कॉलर स्टिफ. रात्रीची उरलेली कडक पोळी मात्र हार्ड. आता पेपरातला प्रश्न असा असतो: ‘द मिनिस्टर प्रॉमिस्ड डॅश ॲक्शन अगेन्स्ट द ऑफेंडर्स.’ पर्याय स्टर्न, स्टिफ, हार्ड, क्रिस्प. यादी पाठ केलेल्याला चारही बरोबर वाटतात, कारण चौघांसमोर एकच अर्थ लिहिलेला होता. उत्तर स्टर्न. स्टिफ पेनल्टी चालते, स्टिफ फाइन चालतो, पण स्टिफ ॲक्शन जमत नाही. याला नियम नाही. इंग्रजी बोलणारे तसं म्हणतात, एवढंच कारण. म्हणूनच विशेषण नेहमी त्याच्या नामासकट शिकायचं असतं. ‘मोठा’चंही हेच: मोठा भाऊ एल्डर, मोठा आवाज लाऊड, मोठा पाऊस हेवी, मोठी किंमत हाय.

इंदूरच्या मुलांसमोर बारावीनंतर इंग्रजी विचारणाऱ्या दोन मोठ्या परीक्षा असतात. एक आयआयएम इंदूरची आयपीमॅट. २०११ साली सुरू झालेल्या, व्यवस्थापनाच्या पाच वर्षांच्या आयपीएम अभ्यासक्रमाची ही प्रवेश परीक्षा. अलीकडच्या स्वरूपात तिच्या व्हर्बल म्हणजे इंग्रजीच्या विभागात ४५ प्रश्न असतात आणि वेळ ४० मिनिटं. बरोबर उत्तराला ४ गुण, बहुपर्यायी प्रश्न चुकला की १ वजा. दुसरी सीयूईटी, देशभरातल्या विद्यापीठांची सामाईक प्रवेश परीक्षा. देवी अहिल्या विश्वविद्यालयाच्या अनेक अभ्यासक्रमांचे प्रवेश तिच्यावरून होतात. २०२५ पासून तिच्या इंग्रजीच्या पेपरात ५० प्रश्न, ६० मिनिटं, बरोबरला ५ आणि चुकीला वजा १. स्वरूप अधूनमधून बदलतं, तेव्हा अर्ज भरताना त्या वर्षाचं माहितीपत्रक वाचायलाच हवं. दोन्हीकडे ‘विशेषणं’ नावाचा वेगळा धडा नसतो, पण रिकाम्या जागा, चूक ओळखा, समानार्थी-विरुद्धार्थी, वाक्यांचा क्रम आणि उताऱ्यावरचे प्रश्न या सगळ्यांत विशेषणं पसरलेली असतात.

तयारीला कार्डं वापरा. पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचे जाड कागदाचे तुकडे पुरतात. पुढच्या बाजूला नुसता शब्द लिहू नका, रिकामी जागा असलेलं वाक्य लिहा. उदाहरणार्थ, पुढे: ‘लो-लाइंग एरियाज आर डॅश टू फ्लडिंग.’ मागे: प्रोन, त्यानंतर टू, टूच्या पुढे नाम किंवा आयएनजी लागलेलं रूप, जोडशब्द ॲक्सिडेंट-प्रोन, नको असलेल्या गोष्टीसाठीच, म्हणून ‘प्रोन टू सक्सेस’ होत नाही. कार्ड एवढंच. मराठी अर्थ लिहायचाच असेल तर पेन्सिलीने कोपऱ्यात लिहा आणि तिसऱ्या उजळणीनंतर खोडून टाका. तो राहिला की डोळा आधी तिकडेच जातो.

दिवसाला आठ नवी कार्डं करा, आठवड्याचे सहा दिवस. सातव्या दिवशी फक्त उजळणी. प्रत्येक कार्ड दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी आणि एकविसाव्या दिवशी पुन्हा समोर यायला हवं. महिन्याभरात हिशेब असा बसतो: रोज आठ नवी आणि साधारण बत्तीस जुनी, मिळून चाळीसच्या आसपास. वीस मिनिटांचं काम. उत्साहाच्या भरात रोज वीस नवी सुरू केली की तीन आठवड्यांनी रोज शंभर कार्डं समोर येतात. मग एक दिवस बुडतो, दुसऱ्या दिवशी ढीग वाढतो आणि कार्डांचा डबा कपाटात जातो. आठाच्या वेगाने बारा आठवड्यांत ५७६ विशेषणं होतात. ती पक्की असतील तर भरपूर आहेत.

सुरुवात अवघड शब्दांपासून करू नका. येतात असं वाटणारे शब्द आधी: गुड, डिफरंट, अँग्री, अफ्रेड, फ्यू, एल्डर. चूक ओळखा प्रकारातले गुण बहुतेक यांच्यावरच जातात.

त्याचं कारण आपल्या मराठीत आहे, आणि इंदुरात तर मराठी आणि हिंदी दोन्हींत. आपण विभक्ती लावतो, इंग्रजी प्रिपोझिशन लावतं, आणि मन आपोआप विभक्तीचं भाषांतर करतं. ‘तो माझ्यावर चिडला’ म्हणून ‘अँग्री ऑन मी’. हवं अँग्री विथ मी. गोष्टीवर चिडला असेल तर अँग्री अबाउट किंवा अँग्री ॲट. ‘गणितात हुशार’ म्हणून ‘गुड इन मॅथ्स’. परीक्षेत बरोबर धरतात ते गुड ॲट. ‘त्याच्याशी लग्न’ म्हणून ‘मॅरिड विथ’. हवं मॅरिड टू. हिंदीतलं ‘कुत्ते से डर’ येतं आणि ‘अफ्रेड फ्रॉम डॉग्ज’ होतं. हवं अफ्रेड ऑफ. ‘त्याच्यापेक्षा वेगळा’ म्हणताना ‘पेक्षा’ दॅनला ओढून आणतो, पण परीक्षेत सुरक्षित उत्तर डिफरंट फ्रॉम. फॅमिलियर दोन्ही बाजूंनी चालतो आणि बाजू बदलली की प्रिपोझिशनही बदलतं: मी गावाशी परिचित असेन तर फॅमिलियर विथ, गाव मला परिचित असेल तर फॅमिलियर टू.

वरच्या पातळीचे जे शब्द रिकाम्या जागांत येतात, त्यांतले बरेच पुढच्या प्रिपोझिशनवरूनच पकडता येतात. ॲव्हर्स, इंडिफरंट, कंड्युसिव्ह, इम्पर्व्हियस, अमीनेबल, टँटामाउंट यांच्यापुढे टू. रिप्लीट, सिनॉनिमस, कमेन्शुरेट यांच्यापुढे विथ. डिव्हॉइड, बिरेफ्ट यांच्यापुढे ऑफ. कॉम्प्लिसिटपुढे इन, कंटिंजंटपुढे ऑन, अडेप्टपुढे ॲट. समजा रिकाम्या जागेनंतर ‘ऑफ’ छापलेलं आहे आणि पर्याय आहेत डिव्हॉइड, रिप्लीट, अमीनेबल, कॉम्प्लिसिट. वाक्याचा अर्थ लागायच्या आधीच तीन पर्याय बाद झाले. त्यासाठी चारही शब्दांची प्रिपोझिशनं पाठ हवीत, अर्थ थोडा धूसर असला तरी भागतं.

याच वर्गातली आणखी एक चूक आपल्याकडे खूप दिसते. ‘मला यायला जमणार नाही’, ‘तुम्हाला सोयीचं असेल तेव्हा या’ या वाक्यांत मराठी माणूस ‘मला’, ‘तुम्हाला’ने सुरुवात करतो आणि इंग्रजीत तोच कर्ता होऊन बसतो: ‘आय ॲम नॉट पॉसिबल टू कम’, ‘कम व्हेन यू आर कन्व्हीनियंट’. पॉसिबल, कन्व्हीनियंट, नेसेसरी ही विशेषणं अशा वाक्यांत माणसाला लागत नाहीत, गोष्टीला लागतात. म्हणून ‘इट इज नॉट पॉसिबल फॉर मी टू कम’ आणि ‘व्हेन इट इज कन्व्हीनियंट फॉर यू’. वर्थचीही खास सवय आहे, त्याच्यापुढे टू येत नाही, आयएनजी येतं: ‘लालबाग पॅलेस इज वर्थ व्हिजिटिंग.’

आता तुलना. विशेषणांवरच्या चूक ओळखा प्रश्नांत हा भाग सगळ्यांत जास्त वेळा येतो, आणि मराठी घरातल्या मुलाला सगळ्यांत जास्त छळतो. मराठीत विशेषण तुलनेसाठी रूप बदलत नाही. ‘श्याम उंच’, ‘श्याम रामापेक्षा उंच’, ‘श्याम सगळ्यांत उंच’. ‘उंच’ तसंच राहतं, बाकी काम ‘पेक्षा’ आणि ‘सगळ्यांत’ करतात. शिवाय आपण सहज म्हणतो ‘हे जास्त चांगलं आहे’. तेच इंग्रजीत ‘मोर बेटर’ होऊन उतरतं. बेटरमध्ये ‘जास्त’ आधीच आहे. जोर द्यायचाच असेल तर मच बेटर किंवा फार बेटर. ‘कंपॅरेटिव्हली बेटर’ हीसुद्धा दुहेरी तुलना. एकतर कंपॅरेटिव्हली गुड किंवा नुसतं बेटर.

इंदूरच्या मुलांसाठी उत्तम उदाहरण घरचंच आहे. स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर २०१७ पासून सलग पहिलं येत गेलं. त्यावर वाक्य करा: ‘इंदूर इज क्लीनर दॅन एनी सिटी इन मध्य प्रदेश.’ ऐकायला ठीक, पण चूक. इंदूर स्वतःही मध्य प्रदेशातच आहे, म्हणजे या वाक्याने ते स्वतःपेक्षाही स्वच्छ ठरलं. हवं एनी अदर सिटी. पण ‘इंदूर इज क्लीनर दॅन एनी सिटी इन महाराष्ट्र’ हे व्याकरणाने बरोबर आहे, तिथे अदर घातलं तर चूक, कारण इंदूर त्या गटातच नाही. पेपर काढणारा हीच जोडी उलटसुलट करून विचारतो. म्हणून आधी बघा, ज्याची तुलना आहे तो त्या गटात आहे का.

दुसरा सापळा: ‘द पॉप्युलेशन ऑफ इंदूर इज लार्जर दॅन ग्वाल्हेर.’ इथे लोकसंख्येची तुलना शहराशी झाली. हवं दॅन दॅट ऑफ ग्वाल्हेर. अनेकवचन असेल तर दोज: ‘द लेन्स अराउंड राजवाडा आर नॅरोअर दॅन दोज ऑफ विजयनगर.’ मराठीत आपण ‘इंदूरची लोकसंख्या ग्वाल्हेरपेक्षा जास्त’ बिनदिक्कत म्हणतो आणि ते चुकतही नाही, त्यामुळे ही चूक डोळ्याला दिसतच नाही. दॅन दिसला की त्याच्या दोन्ही बाजूंना बोट ठेवून विचारायचं: लोकसंख्येसमोर लोकसंख्याच आहे ना? गल्ल्यांसमोर गल्ल्याच आहेत ना?

तिसरा: ‘राजवाडा इज वन ऑफ द मोस्ट फेमस बिल्डिंग इन इंदूर.’ वन ऑफ द नंतर नाम अनेकवचनीच, बिल्डिंग्ज. क्रियापद मात्र एकवचनी. आणि ‘दिस शॉप इज ॲज ओल्ड, इफ नॉट ओल्डर दॅन, दॅट वन’ यात ॲज ओल्डच्या पुढचा ॲज गळला आहे. हवं ‘ॲज ओल्ड ॲज, इफ नॉट ओल्डर दॅन’. स्वल्पविरामांमधला तुकडा झाकून वाक्य वाचलं की गळती लगेच दिसते.

सुपीरियर, इन्फीरियर, सीनियर, ज्युनियर, प्रायर, प्रेफरेबल यांच्यापुढे दॅन येत नाही, टू येतं, आणि यांच्याआधी मोरही लागत नाही. युनीक, परफेक्ट, कम्प्लीट यांना परीक्षेच्या व्याकरणात तुलना नाही. बोलताना लोक मोर युनीक म्हणतात. पेपरात ते चूक धरा. एकाच माणसाच्या दोन गुणांची तुलना असेल तर इआर लावायचा नाही: ‘ही इज मोर ब्रेव्ह दॅन वाइज’, ब्रेव्हर नाही.

‘थोडं’बद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं. फ्यू, अ फ्यू, द फ्यू या तिघांना यादीत एकच अर्थ असतो, ‘थोडे’. मराठीतच त्यांचे वेगळे पर्याय लक्षात ठेवा. फ्यू म्हणजे ‘फारसे नाहीत’. अ फ्यू म्हणजे ‘चार-दोन आहेत’. द फ्यू म्हणजे ‘जे काही चार-दोन होते तेवढे सगळे’. लिटल, अ लिटल, द लिटल यांचं तसंच, फक्त ते न मोजता येणाऱ्या गोष्टींसाठी. ‘देअर इज लिटल वॉटर इन द टँक’ म्हटलं तर टँकर बोलवायला हवा. ‘अ लिटल वॉटर’ म्हटलं तर संध्याकाळपर्यंत भागेल. रिकाम्या जागेत यांपैकी निवड करायची असेल तर वाक्याचा दुसरा भाग वाचा. तिथे निराशा किंवा नकार असेल तर अ नको. ‘ही हॅड डॅश फ्रेंड्स, सो ही फेल्ट लोनली’: फ्यू. लेस आणि फ्यूअरमध्येही मोजणीचाच निकष: लेस वॉटर, फ्यूअर बकेट्स.

विशेषणाला अनेकवचन लावायची ओढ आपल्याला मराठीतून मिळते, कारण आपला ‘चांगला’ नामाप्रमाणे ‘चांगली’, ‘चांगले’ होतो. इंग्रजी विशेषण हलत नाही. ‘अदर्स स्टुडंट्स’ चूक, अदर स्टुडंट्स बरोबर. ‘फाइव्ह-इयर्स कोर्स’ चूक. आयपीएम हा फाइव्ह-इयर कोर्स आहे. नामाच्या आधी आलेल्या मोजमापाच्या जोडविशेषणाला एस लागत नाही, नामानंतर आलं की लागतो: ‘द कोर्स इज फाइव्ह इयर्स लाँग.’ तसंच ‘गरम गरम पोहे’ हे आपल्या जिभेला गोड, पण हॉट हॉट पोहे किंवा स्मॉल स्मॉल थिंग्ज इंग्रजीत बसत नाही. तिथे पायपिंग हॉट किंवा मेनी स्मॉल थिंग्ज.

आयएनजी आणि ईडी यांची गोष्ट बहुतेकांना माहीत असते: परिणाम करणारी गोष्ट बोरिंग, परिणाम भोगणारा माणूस बोअर्ड. म्हणून रिझल्ट डिसअपॉइंटिंग आणि विद्यार्थी डिसअपॉइंटेड. पण ‘वस्तूला आयएनजी, माणसाला ईडी’ असा नियम करून टाकू नका. अ कन्फ्यूज्ड लुक आणि अ वरीड व्हॉइस बरोबर आहेत, कारण नजर आणि आवाज त्या गोंधळलेल्या, काळजीत असलेल्या माणसाचे आहेत. आणि माणूसही बोरिंग असू शकतो.

जागेबद्दल दोन गोष्टी पक्क्या करा. अस्लीप, अवेक, अलाइव्ह, अफ्रेड, अलोन ही विशेषणं नामाच्या आधी येत नाहीत. ‘ॲन अस्लीप चाइल्ड’ नाही, अ स्लीपिंग चाइल्ड. उलट मेअर, मेन, फॉर्मर ही नामाच्या आधीच हवीत. ‘द रीझन इज मेन’ होत नाही. आणि काही विशेषणं जागा बदलली की अर्थ बदलतात. कन्सर्न्ड पेरेंट्स म्हणजे काळजीत पडलेले पालक. द पेरेंट्स कन्सर्न्ड म्हणजे संबंधित पालक. द प्रेझेंट मेंबर्स म्हणजे सध्याचे सभासद, द मेंबर्स प्रेझेंट म्हणजे हजर असलेले. उताऱ्यावरच्या प्रश्नांत एवढ्या फरकाने उत्तर फिरतं.

स्मेल, टेस्ट, लुक, फील, साउंड यांच्यानंतर विशेषण येतं, क्रियाविशेषण नाही: ‘द जलेबी स्मेल्स गुड’, वेल नाही. मात्र लुक म्हणजे ‘बघणं’ असेल तर क्रियाविशेषण येतं, ‘ही लुक्ड अँग्रिली ॲट मी’. हार्ड आणि हार्डली, लेट आणि लेटली यांचा एकमेकांशी अर्थाने संबंध नाही एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

सारख्या दिसणाऱ्या जोड्यांना गाइडमध्ये समोरासमोर छापतात: इकॉनॉमिक अर्थव्यवस्थेचं, इकॉनॉमिकल कमी खर्चाचं, कन्सिडरेट दुसऱ्याचा विचार करणारा, कन्सिडरेबल बऱ्यापैकी मोठं, सेन्सिबल समंजस, सेन्सिटिव्ह हळवा, इंजीनियस कल्पक, इंजेन्युअस भाबडा, एमिनंट नामवंत, इमिनंट येऊन ठेपलेलं, डिसइंटरेस्टेड निःपक्षपाती, अनइंटरेस्टेड रस नसलेला. वाचायला छान, पण पाठ करायला ही मांडणी वाईट आहे. दोन्ही एकाच दिवशी शिकले की कुठला अर्थ कुणाचा यातच गोंधळ होतो आणि तो गोंधळच पक्का बसतो. जोडीतला एक शब्द या आठवड्यात त्याच्या नामासकट घ्या, जसं इमिनंट डेंजर. तो न अडखळता यायला लागला की दुसरा पुढच्या आठवड्यात, एमिनंट स्कॉलर. समोरासमोर ठेवणं सगळ्यांत शेवटी, तपासणीपुरतं.

मूळ धातू आणि उपसर्गांवरून अर्थ काढायची युक्ती उपयोगी आहे, बेने म्हणजे भलं, मॅल म्हणजे वाईट, क्रेड म्हणजे विश्वास वगैरे. पण तिच्यावर पूर्ण भिस्त नको. इनव्हॅल्युएबल म्हणजे कवडीमोल नव्हे, अनमोल. इन्फ्लेमेबल म्हणजे पेट घेणारं, फ्लेमेबलचाच अर्थ. इन्फेमस म्हणजे अप्रसिद्ध नाही, कुप्रसिद्ध. पेपर काढणाऱ्याला ही यादी पाठ असते.

उताऱ्यांमध्ये लेखकाचा सूर विचारतात आणि पर्याय सगळे विशेषणांचे असतात: क्रिटिकल, स्केप्टिकल, सिनिकल, ॲम्बिव्हॅलंट, डायडॅक्टिक, लॉडेटरी, सार्डोनिक, नॉस्टॅल्जिक. पहिल्या तिघांत फरक कळणं महत्त्वाचं. क्रिटिकल लेखक दोष दाखवतो. स्केप्टिकल लेखक दाव्यावर शंका घेतो, पुरावा मागतो. सिनिकल लेखक हेतूवरच अविश्वास दाखवतो, ‘सगळे स्वार्थीच असतात’ असा. ॲम्बिव्हॅलंट म्हणजे दोन्ही बाजूंना ओढला जाणारा, इंडिफरंट म्हणजे ज्याला फरकच पडत नाही. हे दोन पर्याय शेजारी ठेवतातच.

सूर ओळखायला उताऱ्यात लेखकाने स्वतःहून घातलेली विशेषणं शोधा, म्हणजे जी काढली तरी माहिती कमी होत नाही अशी. ‘द स्कीम कव्हर्ड फोर डिस्ट्रिक्ट्स’ यात लेखक दिसत नाही. ‘द मच-टाउटेड स्कीम कव्हर्ड अ मेअर फोर डिस्ट्रिक्ट्स’ यात दोन ठिकाणी दिसतो, आणि नाराज दिसतो. सो-कॉल्ड, मेअर, अलेज्ड, पर्पोर्टेड, ॲपरंट हे शब्द दिसले की खालती रेघ मारा. अलेज्ड तटस्थ आहे, वकिली सावधपणाचा. सो-कॉल्ड बहुतेक वेळा तटस्थ नसतो, त्यात लेखकाचा असहमतीचा सूर असतो. पूर्ण उताऱ्यात अशा तीन-चार जागा सापडल्या की सूर निघतो. एकाच जागेवरून ठरवू नका, कारण ते विशेषण लेखकाने दुसऱ्याच्या तोंडी घातलेलं असू शकतं.

वाक्यांचा क्रम लावतानाही विशेषणं मदतीला येतात, आणि हे फारसं शिकवलं जात नाही. अनदर, सच, सिमिलर, फर्दर, सब्सिक्वेंट, लॅटर यांपैकी एखादं वाक्याच्या सुरुवातीला असेल तर ते सहसा पहिलं वाक्य नाही. त्याच्याआधी तशी एखादी गोष्ट सांगून झालेली असणार. ‘सच डिलेज’ असेल तर आधीच्या कुठल्या तरी वाक्यात उशिराबद्दल काही असलंच पाहिजे. ते वाक्य सापडलं की दोघं जोडून टाकायची, उरलेली भोवती बसतात.

रिकामी जागा सोडवताना पर्याय आधी वाचू नका. हाताने झाका. वाक्य वाचून त्या जागी मनात मराठी किंवा हिंदी शब्द येऊ द्या, मोडकातोडका चालेल. मग ठरवा, शब्द चांगल्या बाजूचा की वाईट. बट, ऑल्दो, डिस्पाइट, यट दिसलं तर बाजू पालटते. अँड, देअरफोर, इनडीड दिसलं तर तीच राहते. आता पर्याय उघडा. चुकीच्या बाजूचे खोडा, मग प्रिपोझिशन न जुळणारे खोडा, मग नामाशी न जमणारे. उलट क्रमाने गेलं की पहिला ओळखीचा शब्द मनात घर करतो आणि मग वाक्यच त्याच्यासाठी वाकवलं जातं.

आयपीमॅटच्या ४० मिनिटांपैकी उताऱ्यांना पंधरा-सोळा मिनिटं तरी लागतात, त्यामुळे शब्दांच्या एका प्रश्नाला तीस-पस्तीस सेकंदांहून जास्त देता येत नाहीत. वजा गुणांची भीती बाळगून जागा कोरी सोडायची सवय मात्र मोडा. बरोबरला ४ आणि चुकीला वजा १ असेल, तर चार पर्यायांत डोळे मिटून मारलेल्या उत्तराचा सरासरी हिशेब पाव गुण जमेचा येतो. एक पर्याय खोडता आला तर साधारण पाऊण गुणाच्या आत-बाहेर, दोन खोडता आले तर दीड. सीयूईटीत बरोबरला ५ आहेत, तिथे डोळे मिटूनही अर्धा गुण आणि दोन खोडल्यावर दोन. म्हणजे प्रिपोझिशनवरून दोन पर्याय उडाले असतील तर उरलेल्या दोघांपैकी एकावर खूण करून पुढे जा. त्या प्रश्नावर परत यायला राखून ठेवलेली मिनिटं उताऱ्यात घालवली तर जास्त गुण देतात.